जर्मनीत एका सेमिस्टरसाठी निघालेय, हातात पाच महिने आहेत, सुरुवात कुठून करू?

सहावा_बाक

नमस्कार. मी संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे, युनिव्हर्सिटीच्या एक्स्चेंजमध्ये निवड झालीये, जर्मनीत हिवाळी सेमिस्टर, म्हणजे ऑक्टोबरपासून पुढे. पत्र येऊन आठवडा झाला आणि या आठवड्यात जो भेटेल तो मला बॅगेत काय भरायचं ते सांगतोय, थर्मल घे, दोन जोड बूट घे, कुलूप घे. सांगणाऱ्यांचा जीव आहे माझ्यावर हे कळतं, पण बॅग भरायला पाच महिने लागत नाहीत ना, मग हे पाच महिने कशाला लावायचे ते कोणीच सांगत नाहीये. घरातून बाहेरच्या देशात शिकायला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे विचारायला कोणी नाही.

आतापर्यंत एवढंच झालंय की पासपोर्ट आहे, चार वर्षं चालेल अजून, आणि जर्मन भाषेचा पहिला क्लास लावलाय. तिथल्या ऑफिसने पाच कोर्सची कच्ची यादी मागितलीये, कोर्स इंग्रजीतून आहेत म्हणे. व्हिसा आधी की खोली आधी तेही कळत नाहीये, खोलीवाले म्हणतात व्हिसा झाला का आणि व्हिसाच्या कागदांत राहण्याचा पत्ता विचारलाय.

आणि एक खरं सांगते, मला थंडीची भीती नाही वाटत. वर्गात बसले आणि काहीच डोक्यात शिरलं नाही तर, याची वाटते. इथे मी वर्गात पहिल्या पाचात असते, तिथे मी कोण असणार माहीत नाही. जे जाऊन आलेत त्यांनी प्लीज सांगा, तुम्हाला पुन्हा जायचं असतं तर पहिल्या महिन्यात काय केलं असतं?


परतलेलं_पाखरू

अभिनंदन आधी! तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार आहे कारण ते मी स्वतः एक वर्ष घालवून शिकलेय. पहिल्या महिन्यात मी आपल्या इथल्या डिपार्टमेंटकडून लेखी घेतलं असतं की तिथला कुठला कोर्स इथल्या कुठल्या पेपरच्या जागी धरणार. बाकी सगळं त्यानंतर.

मी पण एका सेमिस्टरसाठीच गेले होते. निघताना विचारलं तर मला सांगितलं की जा बिनधास्त, आल्यावर बघू. मी तिथे पाच कोर्स केले, पाचही पास झाले, परत आले तर इथे दोनच धरले. बाकी तीन कोर्सबद्दल म्हणणं असं की सिलॅबस जुळत नाही. ज्यांनी तोंडी हो म्हटलं होतं ते तोवर दुसरीकडे बदलून गेले होते आणि माझ्या हातात कागद काहीच नव्हता. ते तीन पेपर मी पुढच्या वर्षी ज्युनियर्सबरोबर बसून दिले. तिथे घालवलेल्या महिन्यांचं मला आजही वाईट वाटत नाही पण ते वर्ष जायला नको होतं.

त्यासाठी लर्निंग अ‍ॅग्रीमेंट नावाचा कागद असतो, त्यावर तुझी, इथल्या डिपार्टमेंटची आणि तिथल्या युनिव्हर्सिटीची अशा तिघांच्या सह्या लागतात. पण नुसती सही झाली म्हणून निश्चिंत होऊ नकोस, त्यात कोर्ससमोर इथल्या पेपरचं नाव लिहिलंय का ते बघ. आणि तिथे पोचल्यावर कोर्स बदलावे लागतात हे धरूनच चाल, कारण त्या सेमिस्टरचं पक्कं वेळापत्रक उशिरा लागतं आणि दोन कोर्स एकाच वेळेला येतात. बदललास तर बदलाचं वेगळं पान असतं, ते त्याच आठवड्यात इथे पाठवून सही मागव, फेब्रुवारीत नाही.

क्रेडिटचं पण नीट समजून घे. युरोपात ईसीटीएस चालतं, एका सेमिस्टरला साधारण ३० क्रेडिट आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचा सगळा अभ्यास, त्यात लेक्चर पण आलं आणि घरी बसून केलेलं पण आलं. आपल्याकडे वर्गातले तास मोजतात, त्यामुळे तिथले ६ म्हणजे इथले ६ असं होत नाही, ते किती धरणार हे पण लिहून घे. मार्कांचं तर उलटंच आहे, १.० सगळ्यात चांगला आणि ४.० म्हणजे काठावर पास. माझा १.७ बघून इथल्या क्लार्कने मला विचारलं होतं की नापास झालीस का. ग्रेड कशी बदलणार त्याचा तक्ता कोणाकडे असतो ते आत्ताच शोधून ठेव.

प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून स्वतःकडे ठेव. सेमिस्टर संपलं की वेबसाइटवरची जुनी पानं नाहीशी होतात, मला तीन कोर्सचे सिलॅबस मागाहून मिळालेच नाहीत.

आणि तारखा. तिथलं हिवाळी सेमिस्टर कागदावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतं, लेक्चर ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि परीक्षा त्यानंतर. तुझं इथलं पुढचं सेमिस्टर जानेवारीत सुरू होत असेल तर सहा-आठ आठवडे तुझे दोन्हीकडे मोजले जाणार. अटेंडन्सचं काय ते आत्ता विचार.


खिडकीपाशी

वरच्या ताईंनी अभ्यासाचं सांगितलंय, मी राहण्याचं सांगतो कारण माझा सगळा पहिला महिना त्यातच गेला.

जर्मनीत सगळ्या गोष्टी पत्त्याला बांधलेल्या आहेत. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत महापालिकेच्या ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला एक कागद लागतो, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, नाव लांबलचक आहे पण पाठ कर कारण खोली बघताना पहिला प्रश्न हाच विचारायचा की हा कागद देणार का. मी जी खोली आधी घेतली होती तो माणूस म्हणाला रहा, पण कागद मिळणार नाही. मी नवीन होतो, मला वाटलं काय फरक पडतो. फरक असा पडला की पत्ता नोंदवता आला नाही म्हणून बँकेचं अडलं, ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे जे पैसे आधीच भरून ठेवतो ते, दर महिन्याला तिथल्या चालू खात्यातच येतात आणि ते खातंच नाही, रेसिडेन्स परमिटची अपॉइंटमेंट पण त्या नोंदणीशिवाय पुढे सरकेना. तीन आठवड्यांनी दुसरी खोली मिळाली तेव्हा सगळं एका झटक्यात सुटलं.

म्हणून व्हिसा आधी की खोली आधी यावर माझं म्हणणं, दोन्हीसाठी अर्ज एकाच आठवड्यात टाक, एकासाठी दुसरं थांबवू नकोस. होस्टेल तिथे श्टुडिएरेन्डनवेर्क नावाची संस्था चालवते, तिची वेटिंग लिस्ट असते आणि एक्स्चेंजवाल्यांसाठी काही खोल्या वेगळ्या ठेवलेल्या असतात बऱ्याच ठिकाणी, पण त्या आपोआप मिळत नाहीत, फॉर्म भरावा लागतो आणि त्याची तारीख अ‍ॅडमिशनच्या तारखेपेक्षा वेगळी असते. तिथल्या इंटरनॅशनल ऑफिसला आजच मेल कर. खोलीचं पत्र यायचं असेल तर व्हिसाच्या फॉर्ममध्ये काय लिहू हे पण त्यांनाच विचार, पत्ता ठरला नसेल तेव्हा काय लिहायचं ते त्यांना रोज कोणीतरी विचारतच असतं. व्हिसाची अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो हे लक्षात ठेव, आणि सहा महिने राहायचंय म्हणजे टुरिस्टसारखा ९० दिवसांचा शेंगेन चालणार नाही, नॅशनल म्हणजे डी व्हिसा लागेल.

खोली ऑनलाइन शोधत असशील तर एवढं पाळ, खोली किंवा निदान माणूस व्हिडिओ कॉलवर बघितल्याशिवाय डिपॉझिट पाठवायचं नाही. मी परदेशात आहे, पैसे पाठव, चावी कुरियरने येईल, असं कोणी म्हणालं की तिथेच थांबायचं. माझ्या बॅचमधल्या एका मुलीचे असे पैसे गेले आणि ती तिथे पोचल्यावर त्या पत्त्यावर वेगळंच कुटुंब राहत होतं. भाड्यात काल्ट आणि वार्म असे दोन आकडे असतात, काल्ट म्हणजे नुसती खोली आणि वार्म म्हणजे हीटिंग वगैरे धरून, हिशोब वार्मवर कर आणि वीज-इंटरनेट त्यात आहे की वेगळं ते विचार.

अजून एक, दिसायला बारीक आहे पण मला महागात पडलं. तिथे पत्त्यात फ्लॅटचा नंबर सहसा नसतो, पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो. पेटीवर आणि बेलवर तुझं नाव नसेल तर पत्र परत जातं. बँकेचा पिन, इन्शुरन्सचं कार्ड, टॅक्सचा नंबर, सगळं पोस्टानेच येतं. पोचल्या दिवशी कागदावर नाव लिहून चिकटव.


शब्दांची_पेटी

मला तुझ्या भीतीवर लिहायचंय, कारण माझी पण तीच होती आणि तेव्हा मी ती कोणाला सांगितली नाही, तू सांगितलीस ते बरं केलंस.

मी गणितवाली आहे. पहिले तीन आठवडे फळ्यावरचं मला बऱ्यापैकी कळायचं पण वर्ग कसा चालतो ते कळायचं नाही. तिथे आपल्या विषयांत लेक्चरला जोडून उबुंग असतं, म्हणजे दर आठवड्याला गणितांचा एक कागद मिळतो, तो सोडवून द्यायचा आणि छोट्या वर्गात त्यावर चर्चा. पुष्कळ कोर्समध्ये त्या कागदांचे ठराविक टक्के, बहुतेक वेळा निम्मे, मार्क मिळवले तरच शेवटच्या परीक्षेला बसू देतात. आणि शेवटची परीक्षा एकच, बऱ्याचदा सगळी ग्रेड तिच्यावर. मध्ये टेस्ट नाहीत, हजेरीचे मार्क नाहीत, कोणी विचारत पण नाही की आलीस का. मी पहिले दोन कागद एकटीने सोडवायचा हट्ट धरला, रात्र रात्र बसले आणि अर्धे पण झाले नाहीत, मला वाटलं मीच कमी पडतेय. तिसऱ्या आठवड्यात कळलं की बाकी सगळे दोघा-तिघांच्या गटात सोडवतात आणि तसंच अपेक्षित आहे, कागदावर तिघांची नावं लिहायला जागा होती, मी वाचलंच नव्हतं.

त्यामुळे पहिल्या आठवड्यात एकच काम कर, उबुंगच्या वर्गात शेजारी बसलेल्या मुलीला विचार की आपण एकत्र करायचं का. विचारायला संकोच वाटेल, तरी विचार, पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच कोणीतरी हवं असतं आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत गट जमून जातात.

आत्तापासून करता येण्यासारखं म्हणजे ज्या पाच कोर्सची यादी करतेयस त्यांच्या प्राध्यापकांच्या पानावर मागच्या वेळचं श्क्रिप्ट मिळतंय का बघ, श्क्रिप्ट म्हणजे पूर्ण कोर्सच्या छापील नोट्स, बरेच जण उघड्यावर ठेवतात. नसेल तर मेल करून माग, मला दोघांनी लगेच पाठवल्या होत्या. पहिले दोन धडे इथेच वाचून गेलीस की चिन्हं ओळखीची होतात, त्यानेच निम्मी भीती जाते.

परीक्षेला वेगळं रजिस्ट्रेशन असतं हे पण सांगून ठेवते, कोर्सला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नोंदवलं असं नाही. पोर्टलवर ठराविक दिवस खुलं असतं आणि तारीख गेली की पुष्कळ ठिकाणी काही करता येत नाही. वेळेपुढे सी.टी. लिहिलं असेल तर १० चं लेक्चर १०:१५ ला सुरू होतं, एस.टी. असेल तर बरोब्बर १० ला.

आणि जर्मनचा क्लास सोडू नकोस. कोर्स इंग्रजीत असले तरी ऑफिसातली पत्रं, होस्टेलच्या जिन्यातल्या नोटिसा, डॉक्टरकडची खिडकी, सगळं जर्मन. मला मोठं बोलता यायचं नाही पण स्वतःचं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगणं, तारीख, पत्ता आणि "मला समजलं नाही, हळू सांगाल का" एवढं तोंडात बसलं होतं, तेवढ्यावर मी सहा महिने काढले. तेवढं इतकं घोटून घे की घाबरलेली असतानाही येईल.


सहावा_बाक

तिघांनाही मनापासून थँक्यू, मी हे सगळं वहीत उतरवून घेतलंय. उबुंगचं वाचून खरंच बरं वाटलं ताई, म्हणजे न कळण्याची पण एक पद्धत असते तर.

आज डिपार्टमेंटमध्ये गेले होते. कोर्सची यादी दाखवली, तर सरांनी बघितली पण नाही, म्हणाले आधी जाऊन ये, आल्यावर बघू. हुबेहूब तेच शब्द! पाखरूताई, तुमची पोस्ट वाचलेली नसती तर मी खूश होऊन घरी आले असते. आता पुढे काय करू? सर वाईट नाहीत, त्यांच्याशी वाकडं नाही घ्यायचंय मला.


फाइलवाल्या_मॅडम

मी एका कॉलेजात शिकवते आणि काही वर्षं एक्स्चेंजला जाणाऱ्या मुलांचे कागद माझ्याकडे असायचे, तेव्हा टेबलाच्या पलीकडून सांगते. "आल्यावर बघू" म्हणणारे शिक्षक बहुतेक वेळा टाळत नसतात, त्यांच्यापुढे ठरवण्यासारखं काही ठेवलेलंच नसतं. पाच इंग्रजी नावांची यादी बघून कोणीही हो किंवा नाही म्हणू शकत नाही. नावावरून काही कळत नाही, एकाच नावाखाली दोन ठिकाणी वेगवेगळं शिकवतात.

तर तू असं कर. प्रत्येक कोर्ससाठी एक पान बनव. डावीकडे तिथल्या सिलॅबसमधले विषय, उजवीकडे आपल्या पेपरचे युनिट, जे जुळतात ते समोरासमोर, जे जुळत नाहीत ते खाली वेगळे लिही, लपवू नकोस. तासांचा आणि क्रेडिटचा हिशोब पण त्याच पानावर. मग ते सरांच्या हातात देऊन प्रत्येकासाठी वेगळा प्रश्न विचार, हा चालेल का, नसेल तर याच्याऐवजी काय करू, आणि कुठेच बसत नसेल तर इलेक्टिव्हमध्ये धराल का. पाचही बसायलाच हवेत असा आग्रह धरू नकोस, तीन मुख्य बसले आणि दोन इलेक्टिव्हमध्ये गेले तरी वर्ष वाचतं.

बोलणं झालं की त्याच संध्याकाळी मेल टाक, सर आज आपलं असं असं ठरलं, माझ्या लिहिण्यात काही चुकलं असेल तर कळवा. कॉपी विभागप्रमुखांना आणि परीक्षा विभागाला. यात कोणाला वाईट वाटण्यासारखं काही नाही, उलट उद्या सर बदलून गेले तर नव्या माणसाला पण ते सोपं जातं. माझ्याकडे भांडत आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाजवळ हा एवढाच मेल नसायचा आणि मला मदत करायची इच्छा असून हात बांधलेले असायचे, ते आठवलं की अजून टोचतं.

जानेवारीच्या अटेंडन्सचा अर्ज वेगळा दे, एकाच मेलमध्ये दोन विषय घातलेस तर एकाचं उत्तर येतं आणि दुसरं राहून जातं.

इन्शुरन्सचं कोणी बोललं नाही म्हणून सांगते. तिथे हेल्थ इन्शुरन्स दाखवल्याशिवाय युनिव्हर्सिटीत नाव नोंदवत नाहीत आणि त्यासाठी प्रवासाचा इन्शुरन्स चालत नाही. ३० वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना सरकारी योजनेत विद्यार्थ्यांच्या दराने जाता येतं. पण ते साधारण सेमिस्टरबरोबर सुरू होतं, त्यामुळे तू सप्टेंबरमध्ये उतरलीस तर मधल्या दिवसांसाठी प्रवासाचा इन्शुरन्स लागेलच, ते दिवस उघडे सोडू नकोस. सुरुवातीला खासगी घेऊन सरकारीतून सूट मागितली तर शिकत असेपर्यंत परत सरकारीत जाता येत नाही, तेव्हा स्वस्त दिसलं म्हणून घाईत सही करू नकोस.

रोजची काही औषधं असतील तर डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घे, त्यात कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव हवं. आणि इथल्या बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर येतो तो नंबर बंद पडू देऊ नकोस, निघण्याआधी रोमिंग चालू करून एकदा तपासून घे.


सहावा_बाक

मॅडम, तुम्ही सांगितलं तसं केलं. पाच पानं बनवायला नऊ दिवस लागले, तिथले सिलॅबस शोधण्यातच जास्त वेळ गेला. परवा सरांना दाखवली तर ते पाऊण तास बसले माझ्याबरोबर! तीन पेपरना हो म्हणाले, चौथा इलेक्टिव्हमध्ये, आणि पाचव्याबद्दल म्हणाले की हा घेऊच नकोस, हे तू दुसऱ्या वर्षाला केलंयस, त्यापेक्षा तिथे टाइम सिरीज आहे तो घे, आपल्याकडे तो शिकवायला माणूस नाहीये. मला हे सुचलंच नव्हतं, मी सगळी यादी इथल्यासारखं काय मिळेल याच हिशोबाने केली होती. संध्याकाळी मेल टाकला, त्यांचं "बरोबर आहे" असं उत्तर पण आलं, कॉपीत सगळे आहेत. अटेंडन्सचा अर्ज वेगळा दिलाय, त्याचं उत्तर यायचंय.

होस्टेलचा फॉर्म भरला, त्याची शेवटची तारीख अ‍ॅडमिशनच्या तारखेच्या तीन आठवडे आधी होती, खिडकीपाशी दादा तुम्ही म्हणाला नसता तर हुकलाच असता. व्हिसाची अपॉइंटमेंट पण घेतलीये.

आता तिकिटाचं बघतेय. खोलीचा करार १ ऑक्टोबरपासून असेल असं कळवलंय त्यांनी. ३ ऑक्टोबरचं तिकीट सोयीचं वाटतंय, रात्री साडेनऊला पोचतं. घेऊ का?


खिडकीपाशी

नको घेऊस! ३ ऑक्टोबर तिथे राष्ट्रीय सुट्टी असते, सगळं बंद. होस्टेलची चावी हाउसमाइस्टरकडून, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्या माणसाकडून, घ्यायची असते आणि तो कामाच्या दिवशी ठराविक वेळेतच भेटतो, रात्री साडेनऊला दाराबाहेर बॅगा घेऊन उभी राहशील. शनिवार-रविवार पण टाळ, रविवारी दुकानं बंद असतात आणि तुझ्या खोलीत नुसती गादी असेल, कदाचित उशी पण नसेल. सोमवार ते गुरुवारमधला दिवस बघ, सकाळी किंवा दुपारी उतरणारं, आणि हाउसमाइस्टरची वेळ आधी मेल करून विचारून घे. उशीर होणारच असेल तर पहिल्या रात्रीसाठी यूथ होस्टेलमध्ये बेड बुक करून ठेव.


सहावा_बाक

बरं झालं विचारलं. ऑफिसला मेल टाकलाय, चावीची वेळ कळली की त्याप्रमाणेच तिकीट काढते.